नीटसाठी ॲनाटॉमी किती करायची, आणि माझं एक वर्ष कुठं गेलं

मागच्या आठवड्यात कागलहून मावशीच्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला, चांगला पावणेतीन मिनिटांचा. बारावीला आहे, पुढच्या मे महिन्यात नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा देणार. "दादा, मी ब्रेकियल प्लेक्ससच्या सगळ्या ब्रांचेस पाठ केलो बघ, आता हाताचे मसल पूर्ण करू, का पायाचे घेऊ?"

मी वॉर्डातनं बाहेर येऊन जिन्यातच बसलो ऐकत. पोरगी खूश होती, पाठ झाल्याचा आनंद आवाजात कळत होता आणि मला मात्र पोटात कसंतरी झालं, कारण चार वर्षांपूर्वी मी अगदी हेच करत होतो.

ब्रेकियल प्लेक्सस म्हणजे मानेतनं निघून हाताकडं जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ते फळ्यावर काढता आलं नाही तर व्हायव्हात घाम फुटतो. पण नीटच्या अभ्यासक्रमात ते नाही. तिला कुणीतरी मेडिकलच्या सीनियरनं ॲनाटॉमीचं, म्हणजे शरीररचनेचं, जाडजूड पुस्तक दिलेलं, आणि तिला वाटलं डॉक्टर व्हायचंय म्हणजे शरीर सगळं पाठ पाहिजेच की. हे वाटणं चुकीचं नाही हो. फक्त दीड वर्ष लवकर आहे.

तिला फोन केला, पाऊण तास बोललो, आणि मग वाटलं हे सगळं नीट लिहूनच ठेवावं, अजून कुणाच्या तरी कामाला येईल.

आधी माझं सांगतो. मला ॲनाटॉमीचा नाद लागला तो तालमीत. आठवीपासून मी पहाटे तालमीत जायचो, फार मोठा पैलवान वगैरे काही होणार नव्हतो पण लाल मातीत अंग घासायला आवडायचं. आमचे वस्ताद पोरगं लंगडत आलं की त्याला पालथं झोपवायचे आणि अंगठ्यानं चाचपत बोलायचे, "ही नडगी, ही पोटरी, दुखतंय ते हितं न्हाई, वर मांडीत हाय, हितनं वढ बसलीया." आणि खरंच अंगठा तिथं टेकला की पोरगं ओरडायचं. मी शेजारी उकिडवा बसून बघायचो. दुखणं एका जागी आणि मूळ दुसऱ्या जागी, हे मला त्या वयात जादूच वाटायचं. त्यात अकरावीला गल्लीतल्या एका ताईनं तिची जुनी ॲनाटॉमीची पुस्तकं दिली, मग काय, मी मसल कुठनं सुरू होतो ते ओरिजिन, कुठं जाऊन चिकटतो ते इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय कुठला हे रात्र रात्र बसून पाठ करायला लागलो. वहीत रंगीत पेनानं आकृत्या. घरचे कौतुकानं बघायचे, पोरगं डॉक्टर होतंय म्हणून.

१७ जुलै २०२२ ला पेपर दिला. त्यावेळी २०० मिनिटं असायची आणि २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे. मार्क पडले ४८०. बायोलॉजी बरी होती पण बरीच म्हणायची, जिथं मला एकही मार्क जायला नको होता तिथं गेले, आणि फिजिक्सचं तर काय सांगायचं, ज्या वेळात रोटेशनल मोशन करायचं त्या वेळात मी खांद्याभोवतीच्या रक्तवाहिन्या काढत बसलेलो. पेपरात एकाही मसलचं ओरिजिन विचारलं नव्हतं. वर्ष ड्रॉप घेतलं. वडिलांनी एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. ७ मे २०२३ ला परत दिली, ६१० आले, सरकारी कॉलेज मिळालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ॲडमिशन झाल्यावर डिसेक्शन हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हा ते पाठ केलेलं जवळजवळ सगळं विसरलेलो होतो. शरीर समोर नसताना पाठ केलेलं राहतच नाही. तिथं पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून शपथ घेतली, की या देहाचा मान राखू, आणि मग पुढं जे शिकलो ते हातानं शिकलो. म्हणजे त्या वर्षाचा पुढंही उपयोग झाला नाही.

आता मुद्द्यावर येतो. किती करायची?

माझ्या मते माप एकच आहे. अवयव काम कसं करतो हे पुस्तक मिटून तोंडी सांगायला लागायचं, आणि सांगताना ज्या ज्या भागाचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाताच येत नाही, तेवढी ॲनाटॉमी तुमची. ज्या नावाशिवाय गाडी चालते ते नाव पहिल्या वर्षासाठी ठेवा. नीटला ॲनाटॉमी असा वेगळा विषयच नाही, ती फिजिओलॉजीच्या, म्हणजे अवयव काम कसं करतात त्या विषयाच्या पोटात येते, आणि एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांच्या ओळीत जेवढी आहे तेवढीच येते. पण ती जेवढी आहे तेवढी ओळ न ओळ पक्की पाहिजे, तिथं "साधारण माहिताय" चालत नाही, कारण चूक झाली की एक मार्क उलटा जातो.

स्नायूंचंच घ्या. शरीरात ६०० च्या वर स्नायू आहेत. नीटच्या पुस्तकात नावानं लागणारे किती? श्वासाच्या धड्यात डायफ्रॅम आणि बरगड्यांमधले इंटरकोस्टल, असे बोटावर मोजण्याइतके. पण एका स्नायूच्या आत काय चालतं, सारकोमिअर म्हणजे आकुंचन पावणारा सगळ्यात लहान तुकडा, त्यातले ॲक्टिन आणि मायोसिनचे धागे, कॅल्शियम सुटल्यावर ट्रोपोनिनला जाऊन चिकटतं आणि मग ॲक्टिनवरच्या झाकलेल्या जागा उघड्या होतात, आकुंचन होताना कुठला बँड लहान होतो आणि कुठला तेवढाच राहतो, हे सगळं खोलात लागतं. ए बँड तेवढाच राहतो, आय बँड लहान होतो. मला दंडाच्या स्नायूला किती डोकी आणि ती कुठून निघतात हे येत होतं आणि हे आय बँडचं मी मॉक टेस्टमध्ये चुकवलं होतं.

तसंच मेंदूचं. माणसाच्या मेंदूतनं निघणाऱ्या क्रेनियल नर्व्हच्या बारा जोड्या मी नावानिशी, ब्रांचनिशी पाठ केलेल्या. आणि टेस्टमध्ये आलं काय, तर बेडकाला किती जोड्या? मी बारा लिहिलं. बेडकाला दहा. एनसीईआरटीत सरळ लिहिलंय. बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं, सायनस व्हिनोसस, हिपॅटिक पोर्टल आणि रीनल पोर्टल दोन्ही असतात, मादी एका वेळी २५०० ते ३००० अंडी घालते, हे सगळं दोन-चार पानांत आहे आणि पोरं ते सोडतात, कारण डॉक्टर व्हायचंय तर बेडूक कशाला. मीही सोडलेलं.

हाडांचं मात्र वेगळं आहे, तिथं मोजदादच विचारतात, मग ती करायचीच. पण पुस्तकात बघून नाही, स्वतःच्या अंगावर हात ठेवून. एकूण २०६, त्यातली ८० शरीराच्या मधल्या आसाची म्हणजे ॲक्सिअल, १२६ हातापायाची आणि ती जोडणारी. कवटी चेहऱ्यासकट २२, त्यात मेंदूभोवती ८ आणि चेहऱ्याची १४. मणके २६ धरायचे, मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, मग सेक्रम एक आणि माकडहाड एक, कारण ते जुळून एक झालेलं असतं. बरगड्या १२ जोड्या, पहिल्या ७ पुढं छातीच्या हाडाला स्वतः जाऊन चिकटतात, ८, ९, १० या सातव्याच्या कूर्चेला टेकतात, आणि ११, १२ पुढनं मोकळ्या. मोकळी बरगडी कमरेच्या वर बाजूला बोटानं दाबून बघा, सडपातळ माणसाला लागते हाताला. एका हातात ३०, एका पायात ३०. मनगटात ८, घोट्याच्या भागात ७, पण पायात गुडघ्याच्या वाटीचं एक हाड जास्त आहे, त्यामुळं बेरीज परत ३० च. हे एकदा कळलं की ८ आणि ७ ची गल्लत होत नाही.

सांधेही असेच. खांदा गोल फिरवा, बॉल अँड सॉकेट. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा. मान "नाही नाही" म्हणून हलवा, ते पहिल्या दोन मणक्यांमधलं, ॲटलस आणि ॲक्सिसचं, पिव्हट. अंगठा करंगळीला लावा, तो सॅडल. मनगटातली हाडं एकमेकांवर सरकतात ते ग्लायडिंग. पाच मिनिटांत झालं. परीक्षेच्या हॉलमध्ये विसरलात तरी अंग तुमच्यासोबतच असतंय.

आता मला ज्यावर जास्त बोलायचंय ते हृदय. पोरं याला अवघड म्हणतात आणि ते अवघड वाटतं कारण कागदावर चपटं बघितलेलं असतं. त्यात आमच्यासारखी दहावीपर्यंत मराठी मिडियमची पोरं, अलिंद आणि निलय म्हणत वाढलेली, अकरावीत एकदम एट्रियम आणि व्हेंट्रिकल सुरू होतं आणि कुठलं वर कुठलं खाली इथंच दोन दिवस जातात. वर पुस्तकातल्या आकृतीत उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते, कारण माणूस समोर तोंड करून उभा आहे असं धरलेलं असतं, हे कुणी सांगितलंच नाही तर सगळं उलटंच पाठ होतं.

म्हणून परवा रविवारी तिला घरी बोलावलं. आदल्या दिवशी आमच्या मटणवाल्या मामांना सांगून ठेवलेलं, बोकडाचं एक दिल आणि दोन गुर्दे अख्खे ठेवा, कापू नका. त्यांनी विचारलंही नाही कशाला, कोल्हापुरात रविवारी मटणाच्या दुकानात काहीही मागितलं तर कुणाला नवल वाटत नाही. हातमोजे, नवीन ब्लेड, जुनी परात. आईनं आधीच बजावलं, ही परात परत स्वयंपाकघरात येणार नाही.

आधी न कापता तिला बोटांनी दाबायला लावलं. "एक बाजू मऊ लागतीय दादा, एक कडक." कडक ती डावी. मग उभं कापलं. डाव्या व्हेंट्रिकलची भिंत जाडच्या जाड, उजवीची त्यापुढं पातळ. मी काही सांगितलं नाही, तिलाच विचारलं, का? थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, उजवं रक्त शेजारच्या फुफ्फुसात ढकलतंय, डावं सगळ्या अंगाला. बास. ही ॲनाटॉमी. भिंत किती मिलिमीटर ते नीटला लागत नाही, जाड का ते लागतं.

मग झडपा बघितल्या. उजवीकडं तीन पाकळ्या, डावीकडं दोन, आणि त्या पाकळ्या खाली पांढऱ्या दोऱ्यांनी भिंतीला बांधलेल्या, तंबूला ताण दिलेला असतो तशा. तिनं एक दोरी चिमटीत धरून ओढली. या झडपा मिटल्या की पहिला आवाज, लब. वर महाधमनी आणि फुफ्फुसाकडं जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी अर्धचंद्री झडपा आहेत, त्या मिटल्या की दुसरा आवाज, डब. हे ती दोन महिने घोकत होती आणि सारखं उलटंपालटं होत होतं. झडप हातात आल्यावर तिनं मला स्वतःहून सांगितलं की पहिला आवाज व्हेंट्रिकल आकुंचन पावायला लागल्यावरच येणार, कारण रक्त परत वर जायला बघणार आणि झडप त्याला अडवणार.

ठोका जिथनं सुरू होतो तो एसए नोड डोळ्याला दिसत नाही. तरी तिचं बोट उजव्या एट्रियमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायला लावलं, मग त्याच एट्रियमच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, तिथं एव्ही नोड, तिथनं मधल्या पडद्यातनं खाली बंडल, उजवी-डावी शाखा, आणि शेवटी पुरकिंजे फायबर भिंतीभर. बोट फिरवत तीनदा म्हणायला लावलं. मग गणित, एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. एवढ्याशा मांसाच्या गोळ्यातनं. ती नुसती बघत राहिली.

आणि काय केलं नाही? हृदयाला रक्त देणाऱ्या वाहिन्यांच्या शाखा, हृदय कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत, पुढं काय मागं काय. मी हे सगळं केलेलं. तिला करू दिलं नाही.

गुर्दा उभा चिरला तर बाहेरची कॉर्टेक्स आणि आतली मेड्युला रंगावरनंच वेगळी दिसते. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, बोकडाच्या किडनीत माणसासारखे सुटे सुटे पिरॅमिड दिसत नाहीत, आतला भाग जुळून एकच कणा झालेला असतो, त्यामुळं आकृती पुस्तकातलीच खरी धरायची. बाकी खोबणीतनं नळ्या आत-बाहेर जातात, त्यामागची नरसाळ्यासारखी पेल्व्हिस, हे सगळं दिसतं. माणसाची किडनी १० ते १२ सेंटीमीटर लांब, १२० ते १७० ग्रॅम, शेवटच्या थोरॅसिक आणि तिसऱ्या लंबर मणक्याच्या मध्ये, हे आकडे पुस्तकात आहेत म्हणून करायचे. खरा वेळ नेफ्रॉनला, म्हणजे किडनीतल्या गाळणाऱ्या बारीक नळ्यांना द्यायचा, एका किडनीत साधारण दहा लाख. दिवसाला १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास, मग बाकीचं कुठं कुठं परत घेतलं, हेन्लेच्या लूपची उतरती बाजू पाणी सोडते पण मीठ नाही, चढती बाजू मीठ सोडते पण पाणी नाही. इथं एक तास जास्त गेला तरी चालतो.

बारावीच्या रिप्रॉडक्शनमध्ये मात्र रचना जरा जास्तच येते आणि ती लाजत लाजत वाचायची नाही, आमच्याकडं मुलं-मुली तो धडा पटकन उलटतात, वर्गात शिकवणारेही भराभर पुढं जातात. एका वृषणात साधारण २५० कप्पे, एका कप्प्यात १ ते ३ नळ्या, तिथनं पुढं शुक्राणूंचा प्रवास कुठल्या नळीतनं कुठल्या नळीत, फॅलोपियन ट्यूबचे भाग ओव्हरीकडनं इन्फंडिब्युलम, ॲम्प्युला, इस्थमस या क्रमानं. हे क्रम पक्के पाहिजेत.

आणि काय गेलं तेही बघा. २०२४ पासून अभ्यासक्रम कमी झाला, पचनाचा आख्खा धडा गेला, डोळा आणि कान गेले. पण आपल्या बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात पचन आहे, त्यामुळं कॉलेजच्या परीक्षेला ते करावं लागतं, आणि जुन्या सीनियरच्या नोट्स घेतल्या तर त्यातही असतं. एनएमसीनं, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशननं दिलेला अभ्यासक्रम प्रिंट काढून भिंतीला लावा. ॲनिमल टिश्यू पुस्तकातनं कापलंय पण अभ्यासक्रमात आहे, असलं काहीतरी फक्त तिथंच कळतं.

अजून एक, नीटच्या पुस्तकात ज्या धड्याच्या नावातच ॲनाटॉमी आहे तो माणसाचा नाहीच, झाडांचा आहे. आणि तो डॉक्टर व्हायला निघालेली पोरं सगळ्यात शेवटी करतात. मी तिला म्हणलं, तुझ्या दारात ऊस आहे, आडवी चकती काप आणि उजेडात धर. सगळीकडं विखुरलेले ठिपके दिसतात ना, ते व्हॅस्क्युलर बंडल, म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे, सालीकडं दाट, मध्ये विरळ. ही मोनोकॉटची, म्हणजे एकदल झाडाची खूण. ऊस चावून रस गिळल्यावर तोंडात जो चोथा उरतो त्यातले दोरे म्हणजे तेच, आणि गोड रस भरलेला असतो तो मधल्या मऊ पेशींत. आता सूर्यफुलाचं देठ काप, ठिपके गोलाकार रांगेत. डायकॉट, म्हणजे द्विदल. आणि उसाचं पानही सोडायचं नाही, ऊस सीफोर झाड आहे, म्हणजे त्याची फोटोसिंथेसिसची पद्धत वेगळी, पानातल्या बंडलभोवती बंडल शीथ पेशींचं कडं, त्यालाच क्रांझ ॲनाटॉमी म्हणतात. हे फोटोसिंथेसिसच्या धड्यात परत येतं. आख्ख्या जिल्ह्यात ऊस, आणि पोरं मोनोकॉटचं खोड पीडीएफमध्ये बघतात.

वेळेचं विचारलं तर मी सांगीन, फिजिओलॉजीचे धडे, हाडं, रिप्रॉडक्शन, बेडूक सगळं धरून रोज दीड तास आणि पाच-सहा आठवडे. त्याच्यावर नको, नंतर फक्त रिव्हिजन. बायोलॉजी ९० प्रश्न, ३६० मार्क, अर्धा पेपर आहे हे खरं, पण त्यात बॉटनी आहे, जेनेटिक्स आहे, इकॉलॉजी आहे. आणि २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, निवडायला काही नाही. त्या वर्षी फिजिक्सनं पोरांना किती रडवलं ते सगळ्यांनी बघितलंय. बायोलॉजीचे नव्वद प्रश्न पन्नास मिनिटांत संपवून फिजिक्सला वेळ उरवणारा पोरगा पुढं जातो, आणि पन्नास मिनिटांत ते तेव्हाच संपतात जेव्हा डोक्यात नको त्या नावांची गर्दी नसते. मला फाटे फुटायचे. चार पर्यायांत मला पाचवा सुचायचा, मोठ्या पुस्तकातला.

तिचं ते जाड पुस्तक मी काढून घेतलं. कागदात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलंय, वर तिचं नाव लिहिलंय. जरा रुसली. "दादा, खांद्याचं तेवढं राहू दे की." नाही म्हणलं.

काल रात्री तिनं फोटो पाठवला, उसाची चकती, मागनं मोबाईलचा टॉर्च, आणि ठिपके पेनानं मोजून लिहिलेत, सालीजवळचे वेगळे, मधले वेगळे. पुढच्या रविवारी परत येणार आहे. मटणवाल्या मामांना यावेळी श्वासनलिकेसकट फुफ्फुस ठेवायला सांगितलंय, नळीच्या कूर्चेच्या कड्या मागनं अर्धवट असतात ते तिला बोटानं बघायचंय, आणि मी सायकलचा पंप शोधतोय, फुगवून दाखवायला.